एकच आग की दुसरी

२ मार्च २००३, रविवार
अंबड

आज परत आगीवरच अडलं.

जेवणं झाल्यावर खेळायला बसलो. मी, नवरा जयदीप, सलीम, वैशाली. गोष्ट छान चालली होती, दरोडेखोरांच्या गढीपर्यंत पोचलो, आणि जयदीपनं नेहमीसारखी आग लावली. ह्या माणसाला दार दिसलं की वाजवावं वाटत नाही, पेटवावंच वाटतं. पहारेकरी पेटला. मग पुस्तक उघडलं. पेटलेल्याचं नुकसान त्याच्या पाळीच्या आधी मोजायचं का नंतर? ऊन उतरेपर्यंत तेच. एक माणूस जळतोय आणि चौघं त्याच्याभोवती बसून भजी खात वाद घालतायत. शिसारी आली. भजी मीच केलेली, ते वेगळं.

वैशालीच्या आईनं कुंपणावरून विचारलं, "पत्ते खेळता का गं, एवढं भांडून?" काय सांगणार. पत्ते नाहीत, पट नाही. मी गोष्ट सांगते, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. "नाटकासारखं आहे काकू," म्हटलं. "मंग पेटीचा आवाज कसा येत न्हाई?" म्हणाल्या.

नियमांचं पुस्तक भावानं बंगलोरहून पाठवलेलं. झेरॉक्स, जाडजूड, इंग्रजी. पूर्ण वाचलंय फक्त मी. ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून पंच पण मीच.

९ मार्च, रविवार

खेळातलं एकच सुख. एरवी तोंडात 'अहो', पण पंच म्हणून मी सगळ्यांना पात्राच्या नावानं, एकेरीत बोलते. "ज्वालासेन, तुझी भुवई जळाली." सासरे पेपराच्या वरून बघतात. बघू देत.

ज्वालासेन म्हणजे जयदीप. नाव तरी बघा. जादूगार, बोटातून जाळ काढतो. वैशाली शेजारची, आमच्याच कॉलेजात बॉटनी शिकवते, तिची एक वैदूबाई आहे. सलीमचा दर्याखान, गोदावरीवरचा नावाडी. सलीम स्वतः शहागडचा. हायवेला त्याच्या वडलांचं जुन्या टायरला रबर चढवायचं दुकान. जयदीप आणि तो औरंगाबादला पॉलिटेक्निकला एका खोलीत होते. दर रविवारी मोटरसायकलवर येतो.

आजचा वाद: पेटलेला माणूस जमिनीवर लोळला तर आग विझते का? पुस्तकात पाणी लिहिलंय, लोळणं नाही.
जयदीप: "लिहिलेलं न्हाई म्हणजे चालत न्हाई."
सलीम: "अरे, पेटला की माणूस लोळनारच. पुस्तक वाचून लोळतो का?"
मी सलीमच्या बाजूनं निकाल दिला. जयदीपचं तोंड चहापर्यंत वाकडं.

आणखी एक नियम पुस्तकात आहे तो मला बिलकुल आवडत नाही. एक रात्र झोप झाली की भाजलेलं सगळं भरून येतं. ज्यानं लिहिलं त्याच्या बोटाला कधी तवा पण लागला नसावा.

जयदीपचं कामही आगीचंच. विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअर. जळालेलं कापसाचं जिनिंग, जळालेला ट्रक, जळालेलं किराणा दुकान. जायचं, फोटो काढायचे, किती नुकसान धरायचं ते लिहून द्यायचं. नवीनच आहे. घरी येतो तेव्हा शर्टाला जळकट वास. तो शर्ट मी वेगळा भिजवते.

१६ मार्च, रविवार

दर्याखान मेला.

नीट लिहून ठेवते. गढीतलं धान्याचं कोठार. दर्याखान आत, कैद्यांच्या दोऱ्या कापत होता. ज्वालासेननं बाहेरून जाळ टाकला. दोस्त आत आहे हे माहीत असून. "ताईत हाय ना तुझ्याकडं, मंग काय होतंय?"

ताईताचा नियम: एका आगीपासून पूर्ण संरक्षण, एकदाच. कडबा पेटला. ताईत चालला. सलीमला काही झालं नाही, तो दारापर्यंत आला. तोवर कडब्याची आग छताच्या लाकडाला. इथं जयदीपनं पुस्तक ओढून घेतलं.

"कडब्याची आग वेगळी, लाकडाची वेगळी. ताईत संपला."
सलीम: "आग तर एकच हाय ना. तीच पसरून राह्यली."
"पसरली की नवी. वस्तू बदलली, आग बदलली."

पुस्तकात पसरण्याबद्दल स्पष्ट काही नाही. पण पेटलेल्या प्रत्येक वस्तूचं नुकसान वेगळं धरावं अशी एक ओळ आहे. ती जयदीपनं शोधून काढली, बोट ठेवून माझ्यासमोर धरली. वैशाली म्हणाली, "मॅडम, त्याला दारातून जाऊ द्या की." मला वाटलं, ओळ आहे तर आहे. दुसरी आग, असा निकाल दिला. फासे वाईट पडले.

सलीम हसला. पात्राचा कागद घडी करून खिशात घातला. "पंचाचा निकाल. बराबर." चप्पल घालून गेला.

जयदीप म्हणाला, चहा टाक.

नियमाला धरून होतं सगळं. पण मजा कसली आली ह्याला? फुलला होता नुसता. शत्रू मारला तर समजू शकते. खोलीत बरोबर राहिलेला माणूस पुस्तकाच्या ओळीत बसवून जाळला, आणि वर चहा.

३० मार्च, रविवार

सलीम आला, नदीतलं टरबूज घेऊन. खेळला नाही, नुसता बघत बसला. नवीन पात्र कर म्हटलं तर "करू की."
वैशालीनं जयदीपला सरळ विचारलं, "भाऊ, दोस्त जाळून बरं वाटलं का?"
"खेळ हाय ओ."
टरबूज गोड होतं. बिया जयदीप पुस्तकावर थुंकत होता. आगीच्या पानावरच. घाण.

२९ एप्रिल, मंगळवार

पेपर तपासत होते. वैशाली धावत आली. शहागडहून तिच्या मामाचा फोन, सलीमचं दुकान पेटलं. जयदीप बीडला गेलेला. काय करावं सुचेना. दुकानाचा फोन लावून बघितला. लागतच नाही. कसा लागणार.

संध्याकाळी कळलं. माणसं वाचली. दुकान नाही.

३० एप्रिल, बुधवार

मी आणि वैशाली एसटीनं शहागडला. स्टँडवर उतरायच्या आधीच वास. टायर जळाल्याचा वास घशाला चिकटतो, पाणी प्यालं तरी जात नाही. शेडचे पत्रे वाकून खाली. भिंतीशी रचलेले टायर होते तिथं आता नुसत्या तारांची वेटोळी, काळ्या चिखलात. रस्त्यावर ट्रक थांबवून माणसं बघत होती. एक जण पान खाऊन त्याच चिखलात थुंकला. दोघं जळालेल्या शेडमधून लोखंड ओढून नेत होते, मालकासमोर. कुणी हटकेना.

सलीम घरी. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. वडलांना ओढून काढताना. फोडांवर पिवळं मलम, त्याच्यावर माशा. त्याची बहीण पदरानं वारा घालत होती. मला बघून हसायला गेला. "मॅडम, लोळलो बरं का. विझली." मी बाहेर जाऊन ओकले.

रशीदचाचा, त्याचे वडील, ओट्यावर. अर्धी दाढी जळालेली. सारखं तेच सांगत होते. जुना टायर साच्यात तापायला ठेवला होता. साचा जास्त तापला, बटन बंद होईना. आतला टायर पेटला, तिथून ठिणग्या भिंतीच्या टायरांवर. "बेटी, मेरे आँखों के सामने. एवढ्या टायमात," आणि चुटकी वाजवली.

घरी आल्यावर पुस्तक काढलं. एका रात्रीत भाजलेलं भरून येतं, तो नियम पेनानं खोडला. कागद फाटेस्तोवर.

२ मे, शुक्रवार

दुकानाचा विमा आहे. मला केवढं हायसं वाटलं. आणि सर्व्हेला जयदीपलाच पाठवतायत.

म्हटलं, "तुमचा मित्र आहे, ओळखीचं आहे म्हणून सांगा. दुसऱ्याला पाठवू द्या."
"ह्या पट्ट्यात ओळख कुणाशी न्हाई? पहिलंच मोठं काम हाय. न्हाई म्हणलं की संपलं."

बॅगेत कॅमेरा, टेप, पायात जुने बूट. निघाला. दवाखान्याची चौकशी सुद्धा केली नाही. नाही, केली. दारातून. "हात कसाय त्याचा?"

४ मे, रविवार

खेळ नाही अर्थात.

जयदीप शहागडहून आला. जेवल्यावर म्हणाला, "बसत न्हाई."
"काय बसत नाही?"
"क्लेम. आग तापवण्यातून लागली. पॉलिसीत तापवण्याचं वगळलंय."
"साच्यातला टायर ना? बाकीचं? शेड, भिंतीचे टायर, कंप्रेसर?"
"सगळं त्याच आगीत गेलं. एकच आग हाय."

मला आधी काही कळलंच नाही. वाटी घासत राहिले. मग कळलं.

५ मे, सोमवार

पॉलिसी स्वतः वाचली. त्याच्या टेबलावर होती. इंग्रजी किचकट, पण पुस्तकातल्या ताईताच्या नियमापेक्षा सोपी. जो माल तापवायला ठेवलाय, त्या मालाचं त्याच तापवण्यानं झालेलं नुकसान मिळणार नाही. एवढंच. त्याच मालाचं. म्हणजे साच्यातला टायर गेला, सोडून द्या. शेजारचे टायर कुणी तापवत नव्हतं. ते आगीत गेले, आणि आगीसाठीच तर विमा.

बारावीच्या मुलाला दिलं असतं तरी कळलं असतं.

आणि हा न कळणारा माणूस नाही. हाच तो, कडबा वेगळा आणि लाकूड वेगळं. त्या दुपारी ओळीवर ठेवलेलं त्याचं बोट अजून दिसतं मला. तेलकट.

८ मे, गुरुवार

सलीम आला. हात फडक्यात, दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून. जयदीप घरी होता. मी पाणी दिलं, मग उठले नाही, तिथंच बसले.

सलीमनं आवाज चढवला नाही. म्हणाला, "जयदीप, दर्याखान मेला तव्हा किती आगी होत्या रे?"
जयदीप: "ते काय आता? तो खेळ होता."
"व्हय. पन नियम तूच सांगितलास. वस्तू बदलली, आग बदलली. मी ऐकून घेतलं. मंग माझ्या दुकानात एकच कशी?"
"खेळ वेगळा, काम वेगळं. तुला न्हाई कळायचं."
"तेच इचारून राह्यलो. समजावून सांग. मला टाइम हाय. दुकान न्हाई आता."

जयदीप कॅलेंडरकडं बघत बसला. सलीमला उठताना एका हातानं खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तेव्हाही हा जागचा हलला नाही.

११ मे, रविवार

आज जयदीप मोकळा झाला. म्हणजे त्याला वाटलं मोकळा झाला.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरांच्या यादीत, पॅनलवर, तो नवीन आहे. पहिल्याच मोठ्या क्लेमला दोस्ताच्या बाजूचा रिपोर्ट गेला तर वरचे साहेब विचारणार. साच्यातून लागलेली आग म्हटलं की ते बारीक बघणार. मग विचारणार, ह्यानं वगळण्याच्या ओळीचा अर्थ असा कसा लावला, सलीमकडून काय घेतलं. "मी दोस्ताला फायदा करून दिला म्हणतील. म्हणून कडक लिहायलो." आणि मग, आवाज खाली आणून, "एक रस्ता हाय. त्याला सांग, वायरिंगमधून लागली म्हण. शॉर्टसर्किट. वायरिंग लिहिलं की कुणी काही विचारत न्हाई. मी बघून घेतो."

माझ्याकडं असं बघत होता की मी आता खूश होणार.

खरं लिहायची भीती. खोटं लिहायची नाही. खरा अर्थ लावला तर लोक बोलतील, आणि खोटं कारण घातलं तर सगळं सुरळीत. बायकोच्या हातून निरोप. मी पदराला हात पुसले. हात ओले नव्हतेच.

निरोप घेऊन जायचं मी कबूल केलं. सलीमचा संसार आहे, मी कोण ठरवणार.

१४ मे, बुधवार

शहागड. निरोप दिला.

मला वाटतं सलीम हो म्हणाला असता. बहिणीचं लग्न ठरलंय, हात बरा व्हायला अजून किती दिवस जातील कोण जाणे. वडलांकडं बघत होता.

चाचांनी विचारलं, "वायरला काय झालं व्हतं?"
मी म्हटलं, "काही नाही चाचा. तसं म्हणायचं फक्त."
"वायर तर मागच्या साली नवी टाकली. आग साच्यातून निघाली, मैं देखा ना. सगळ्या बाजारानं पाह्यली. मंग वायर कशाला म्हनू?"
सलीम: "अब्बा, तसं म्हनलं तरच मिळतं."
"जे मिळायचं ते बराबर हाय की न्हाई? हाय ना? मंग बराबर सांगून का मिळत न्हाई?"

पॉलिसीचा अर्थ सांगितला, सावकाश, दोनदा. चाचा म्हणाले, "हे कंपनीसाठी मराठीत लिहून दे बेटी. मी सही करतो. इंग्रजीवर करनार न्हाई, काय लिहिलंय कळत न्हाई."

मी हो म्हणाले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं मी काय कबूल केलं. माझ्याच नवऱ्याच्या रिपोर्टाच्या विरुद्ध मी लिहिणार.

१५ मे, गुरुवार

सांगून टाकलं.

जयदीप आधी हसला. मग, "माझ्या घरात बसून माझ्या विरुद्ध?"
"विरुद्ध नाही. पॉलिसीत आहे ते मराठीत."
"तू पंच हायेस का हितं?"

त्यावर मी, "तू खोटं सांगायला मला पाठवलंस." तू. घरात, भाजी निवडताना. दोघंही दचकलो. सासरे उठून अंगणात गेले. परत 'अहो' म्हणायचा प्रयत्न केला, तोंडात वळेना. दिवसभर त्याला काहीच हाक मारली नाही.

ह्या माणसाबरोबर दोन खोल्यांत राहायचंय. त्याचा टॉवेल उचलला तरी जळका वास येतो, आज तर तो कुठं गेलाही नव्हता.

१८ मे, रविवार

वैशाली आली, आपल्या सवयीनं, रविवार म्हणून. मी पुस्तक कपाटात वर टाकलं होतं. "मॅडम, आता खेळायचंच नाही का?" मला रडू आलं. ती माझ्याबरोबर चिंच फोडत बसली.

जाताना म्हणाली, "दर्याखानला दारातून जाऊ द्यायला पाहिजे होतं."
म्हटलं, "नियम होता."
"तुम्ही लोळण्याला पण हो म्हटलं होतं, ते पण पुस्तकात नव्हतं."
खरं आहे. चिंचेचा आंबूस वास बोटांना अजून आहे.

जयदीप आतल्या खोलीत टाइप करत होता. रिपोर्ट. खट् खट्. मध्येच थांबायचं, पुन्हा खट्.

२० मे, मंगळवार

मराठी झालं. एक पान. काल सगळा दिवस गेला त्यात. इंग्रजीत दोन शब्द, मराठीत ते वाक्यात बसेनात. शेवटी 'त्याच मालाचं' असं घातलं. शोभा नाही, पण अर्थ चुकत नाही. चाचा अकराच्या एसटीनं येणार, सही करायला. मग तो कागद जालन्याला, विमा कंपनीच्या ऑफिसात.

जयदीपचा रिपोर्ट पण तयार. लखोट्यात, स्कूटरच्या डिकीत. आज द्यायचाच म्हणत होता. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. मी ओट्यावर कागद वाचत होते. थांबला.

"वाच."
"काय?"
"काय लिहिलंस ते वाच. मोठ्यानं."

वाचलं. त्याच्याकडं न बघता. वाचून झालं तरी तो उभाच.

"ते 'त्याच' तू घातलंस का?"
"नाही. मुळातच आहे."
"दाखव."

पॉलिसी आणून दिली. त्यानं वाचली. बोट ठेवून, तसंच. किती वेळ ते बोट हललं नाही. चिडले होते, अजून आहे.

पॉलिसी माझ्या हातात दिली. चष्मा खिशात ठेवला. "चाचा किती वाजता येणार?"
"अकरा."
अंगणात गेला. आता स्कूटर चालू केल्याचा आवाज येतोय. मी आत येऊन लिहितेय, अकराला थोडाच वेळ आहे. खिडकीतून नुसती त्याची पाठ दिसते. स्कूटर स्टँडवरच, चालू. एक हात डिकीच्या कुलपावर आहे, रिपोर्ट आतच.

अजून निघाला नाही.